पेसमेकर, सासूबाईंची किडनी आणि बनियनवरचा डाग

हार्टवाल्या मॅडमनी माझ्या छातीवर डाव्या बाजूला टॉर्च मारला, चष्मा वर सरकवून वाकून पाहिलं, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता सिस्टरला म्हणाल्या, "यांना घरी पाठवायचं नाही."

त्या क्षणी माझं काळीज सुरतेच्या त्या हॉस्पिटलातून जे सुटलं ते थेट भिलाडच्या रेल्वे फाटकापर्यंत पळालं. फाटक बंद होतं म्हणून नाइलाजाने परत आलं. तुम्हाला खोटं वाटेल. ज्याच्या छातीत मशीन आणि पोटात दुसऱ्याची किडनी आहे अशा माणसाला विचारा, तो म्हणेल, माझं तर पार डहाणूपर्यंत गेलं होतं.

"काका, पॉकेट इन्फेक्शन आहे," मॅडम म्हणाल्या. मॅडम गुजराती, पण मराठी चांगलं बोलतात. "पेसमेकर काढावा लागेल. आखाच. वायरसकट."

पॉकेट म्हणजे शर्टाचा खिसा नव्हे. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, डॉक्टर एक खिसा करतात आणि त्यात पेसमेकर ठेवतात. चुन्याच्या डबीएवढी वस्तू. तिच्यातून वायर निघते, तिला लीड म्हणतात. ती नसेतून आत जाते आणि तिचं टोक हृदयाला टेकलेलं असतं. हृदय आळसावलं की मशीन त्या वायरीतून एक टिचकी मारतं, "ऊठ रे." माझं हृदय जात्याच आळशी. मशीन नसेल तर ते इतकं सावकाश चालतं की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल.

"औषधाने नाही का बरं होणार?" मी विचारलं.

"जंतू एकदा मशीनवर बसले ना काका, की उठत नाहीत. धातूला रक्त नाही, औषध तिथे पोचणार कसं? मग ते वायरीवर चढतात. आणि वायर कुठे जाते?"

वायर कुठे जाते ते मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलो. खडोलीला आमच्या कारखान्यात हे कोणी ऐकलं तर हारतुरे घेऊन येतील.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी चोपड्याकडचा. खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. राहायला आमलीत, एका खोलीत. माझा पेसमेकर जुना आहे, ऐन पस्तिशीत बसला. मशीनजवळ चक्कर येऊन पडलो होतो. तो बसल्यावर मी आमलीच्या चहाच्या टपरीवर हिरो झालो. बिहारची, ओडिशाची पोरं यायची, शर्टावरून तो उंचवटा बघायची, आणि मी सांगायचो की यात रेडिओ लागतो, सकाळी दमणच्या बातम्या, दुपारी नाशिकच्या. एकाने खरोखर कान लावला. त्याला म्हणालो, "आत्ता जाहिराती चालू आहेत, थोडं थांब."

मग किडन्या गेल्या. दोन्ही. माझ्या घरात कोणाचंच जुळलं नाही. बायकोला, सुरेखाला, स्वतःलाच शुगर. जुळलं ते सासूबाईंचं. आमच्या खान्देशात सासूला मामी म्हणतात. तर मामींचं जुळलं. सासूला कायद्याने जवळची नातेवाईक धरत नाहीत, म्हणून कमिटीपुढे मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, "जावयाला किडनी का देताय? कोणी जबरदस्ती केली?" मामी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून म्हणाल्या, "पोर मनी शे. जवाई तिना शे. मंग मी काय करसू?"

साहेबांना अहिराणी येत नव्हती, पण मुद्दा पोचला.

तर अशी सासूबाईंची किडनी माझ्या पोटात उजवीकडे खाली बसली. लोक विचारायचे, कसं वाटतं? मी सांगायचो, "रोज सकाळी सहाला आतून आवाज येतो, उठा जवाईबापू, सुरेखाने पाणी भरलं, तुम्ही अजून लोळताय?"

ऑपरेशननंतर मामी आमच्याकडेच राहिल्या. आता एक खोली, तीत जावई आणि सासू. आमच्याकडे सासू जावयासमोर पदर घेते आणि सरळ बोलत नाही. बोलायचं झालंच तर मुलीला उद्देशून. मुलगी घरात नसली तर वस्तूला. मामी माझ्याशी माठामार्फत बोलायच्या. "माठबाबा, भाकरी झाकेल शे, कोणाला भूक लागली असंल तर घ्यावी." मी पण माठालाच सांगायचो, "माठबाबा, जेवून आलोय." तो माठ बोलू शकला असता तर आमच्या घराचा सरपंच झाला असता.

सासू पाळते तसं जावयानेही पाळायचं. मामींसमोर उघड्या अंगाने बसायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली पापड वाळत नाहीत, तळून निघतात, तरी मी बनियनवर शर्ट घालून बसायचो. आंघोळ मोरीत, अर्धा पडदा, आत अंधार, आरसा नाही. तिथेच ओल्या अंगावर बनियन चढवायचं आणि बाहेर यायचं. महिनेच्या महिने माझी छाती ना मी पाहिली ना सुरेखाने. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा ती साधी रीत होती, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आणि नेमकं त्याच काळात पेसमेकरची बॅटरी संपत आली म्हणून तो बदलला होता. जुन्या वायरी तशाच, डबी नवी. घरी सोडताना मॅडमनी सांगितलं होतं, जागा लाल झाली, गरम लागली, सुजली, पाणी आलं तर लगेच यायचं. मी मान डोलावली. टाके सुकले, खपली पडली, मी कामावर गेलो, टपरीवर नव्या डबीत आता मोबाईल चार्ज होतो हेही सांगून झालं.

मामी दोरीवर कपडे वाळत घालायच्या. एके दिवशी मी जेवत असताना त्या सुरेखाला म्हणाल्या, "जवाईबापूसना बनियनले डाग कसाना शे?"

मी घासाबरोबर उत्तर दिलं, "कोनिंग ऑइल." आमच्याकडे धाग्याच्या कोनावर एक तेल लावतात. ते अंगाला, कपड्याला, जिभेला, स्वप्नाला लागतं. अर्ध्या आमलीच्या बनियनला ते डाग आहेत.

"डाग एकाच जागी कसा?" मामींनी माठाला विचारलं.

"माठबाबा, मी डाव्या बाजूला उभा राहतो ना मशीनच्या," मी म्हणालो. आणि माझा त्यावर विश्वास होता. ताप नव्हता, दुखत नव्हतं. थोडं ओढल्यासारखं व्हायचं, ते मी वजन उचलण्यावर घातलं. अंगात कणकण वाटली तेव्हा मेडिकलमधून एक स्ट्राँग गोळी आणली आणि चार दिवस घेतली.

ही गोळी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

पुढच्या धुण्याला मामींनी ते बनियन वाळत न घालता सुरेखाच्या हातात दिलं. तिने नाकाला लावलं आणि तिचा चेहरा बदलला. तेलाला तसा वास नसतो. मामी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "आता शर्ट काढायला सांग." सुरेखाने मला दारातल्या उजेडात उभं केलं. उंचवट्यावरची कातडी जांभळी, कांद्याच्या सालीसारखी पातळ, चकचकीत. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आणि त्यातून ओल. त्या छिद्राच्या आत काहीतरी चमकत होतं. ते मशीन होतं.

दुपारपर्यंत आम्ही सुरतेच्या गाडीत होतो. मी, सुरेखा आणि मामी. वापी गेलं, वलसाड गेलं, मी एकही विनोद केला नाही. नवसारीला सुरेखा म्हणाली, "काहीतरी बोला हो, मला भीती वाटायला लागली."

आता मॅडमच्या खोलीत परत या.

"ताव आव्यो हतो?" मॅडमनी विचारलं. ताप आला होता का?

"नाही," मी छाती काढून सांगितलं. हेच माझं हुकमाचं पान होतं. ताप नाही म्हणजे आजार नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला कसा येणार?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी ज्यांच्या पोटात दुसऱ्याची वस्तू आहे त्यांनी दोनदा वाचा. ट्रान्सप्लांटनंतर आपण ज्या गोळ्या घेतो त्यांना इम्युनोसप्रेसंट म्हणतात. शरीराचा जो वॉचमन आहे, त्याला त्या गुंगीत ठेवतात, म्हणजे तो परक्या किडनीला गेटवरून हाकलत नाही. पण गुंगीतला वॉचमन चोरालाही अडवत नाही. आणि ताप म्हणजे त्या वॉचमनची शिट्टी. वॉचमनच पेंगत असेल तर शिट्टी वाजवणार कोण? घर लुटलं जातं आणि गल्लीत शांतता असते.

मला ती शांतता एकदम ऐकू आली. सगळ्या अंगात.

मग तपासण्या. ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत घालून त्यात जंतू वाढतात का ते बघणं. मग किडनीवाले सर आले, बारीक, शांत, कधी न हसणारे. त्यांनी विचारलं, "कुठली गोळी घेतली होती?" सुरेखाने पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून दिली. सरांनी ती उलटीसुलटी केली. म्हणाले, "ही गोळी आणि तुमची किडनीची गोळी एकमेकींशी भांडतात. हिच्यामुळे तिचं प्रमाण रक्तात वाढलं. क्रिएटिनीन वर गेलंय." क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी काम करते की नाही ते त्यावरून कळतं. वर जाणं वाईट.

शिवाय ती गोळी अँटिबायोटिक होती, ती घेऊन आल्यामुळे कल्चरमध्ये जंतू लपायची भीती. जंतू कुठला ते कळल्याशिवाय औषध नेमकं देता येत नाही. म्हणून सांगतो, अंगात काहीही वाटलं तरी मेडिकलच्या काउंटरवर स्वतःचा इलाज करू नका. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

मग घशातून नळी घालून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नळी गिळायची असते. मी कधीकाळी अख्खा मुळा न चावता गिळल्याची पैज जिंकल्याचं सांगत असे. ती नळी गिळताना माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं की दमणगंगेला पूर यावा. एकोत वायरीवर एक छोटा गोळा हलताना दिसला. त्याला व्हेजिटेशन म्हणतात. नाव भाजीपाल्यासारखं, पण तो जंतूंचा आणि गोठलेल्या रक्ताचा गठ्ठा असतो. तो वायरीला धरून झुलत होता, माझ्या हृदयाच्या आत.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मी म्हणालो, "नका दाखवू."

खरा प्रश्न संध्याकाळी समोर आला. मॅडम आणि सर दोघे माझ्या पलंगाशी उभे राहिले. सर म्हणाले, "इन्फेक्शनशी लढायला तुमच्या गोळ्या कमी कराव्या लागतील. कमी केल्या तर शरीर किडनीवर उठेल, ती जाऊ शकते. कमी नाही केल्या तर इन्फेक्शन पसरेल. त्यात काही औषधं किडनीला जड. आम्ही मधला रस्ता काढू. पण किडनीची गॅरंटी देत नाही."

मी सुरेखाकडे पाहिलं. सुरेखाने मामींकडे. मामी कोपऱ्यात स्टुलावर, पदर नाकापर्यंत. किडनी माझ्या पोटात, पण मालकी कोणाची? दोन होत्या त्यातली एक, अर्धी संपत्ती काढून द्यावी तशी त्या बाईने दिली होती, आणि मी ती एका तेलाच्या डागापायी घालवायला निघालो होतो. दुसरी मिळणार नव्हती. मामींकडे द्यायला आता दुसरी नव्हतीच.

मामी सुरेखाला म्हणाल्या, "त्यासले सांग, डबा गया ते जाऊ दे. भाकर वाचाडा."

किडनीवाल्या सरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" सुरेखा रडत होती, म्हणून मलाच सांगावं लागलं. "किडनी गेली तर चालेल म्हणतात. माणूस वाचवा." सरांनी वाकून मामींना नमस्कार केला आणि ते गेले.

त्या वाक्याने मला धीर यायला हवा होता. आला नाही. उलट भीती दुप्पट झाली. जिने दिली तीच जाऊ दे म्हणते, मग धरून ठेवणारं राहिलं कोण?

लीड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे वायर ओढून काढणं. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्षानुवर्षं आत राहिलेली वायर नसेला आणि हृदयाला चिकटून बसते, वेल भिंतीला चिकटावी तशी. जोर जास्त झाला तर भिंतीचा पोपडा निघतो. ती भिंत म्हणजे हृदय. मॅडमनी काही लपवलं नाही. "छाती उघडायची तयारी ठेवून करतो," म्हणाल्या. "बहुतेक लागत नाही." बहुतेक हा शब्द मी त्या दिवशी हजारो वेळा तोंडात घोळवला. हे मात्र अजिबात वाढवून सांगत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सुरेखा औषधं आणायला खाली गेली होती आणि मला न्यायला माणसं आली. लिफ्टच्या दारात स्ट्रेचर थांबलं. शेजारी फक्त मामी. मुलगी नाही, माठ नाही, भिंत सुद्धा हाताला लागेल अशी नाही. मामी क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी पुढे होऊन माझ्या पोटावर, उजवीकडे खाली, जिथे त्यांची किडनी आहे तिथे चादरीवरून तळवा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात मला लागला.

आणि त्या किडनीशी बोलल्या. "गुमान बैस. आणि त्यासले सांग, घाबरानं नही."

मी आढ्याकडे बघत म्हणालो, "मामींना म्हणावं, ऐकलं मी."

लिफ्टचं दार लागलं. आत मी रडलो. स्ट्रेचर ढकलणारा भाऊ, खास डांगचा, म्हणाला, "काका, हजु तो कंई थयुं नथी." अजून काही झालंच नाही, आणि तुम्ही रडताय. खरंच होतं ते.

शुद्धीवर आलो तेव्हा मानेतून एक वायर बाहेर आली होती आणि उशाशी एक डबा टिकटिकत होता. टेम्पररी पेसमेकर. शरीर स्वच्छ होईपर्यंत नवं मशीन आत घालता येत नाही, तोवर हृदय बाहेरच्या डब्यावर. वायरी दोन्ही निघाल्या, छाती उघडावी लागली नाही. मॅडमनी त्या मला बरणीत दाखवल्या. गांडुळासारख्या. यांच्यावर मी दहा वर्षं रेडिओ ऐकवला होता.

नंतरचे आठवडे सलाईनमधून अँटिबायोटिक. तो डबा माझ्या हृदयाची गिरणी चालवत होता आणि मी त्याच्याकडे बघत पडून असायचो. कोणी पलंगाला पाय लावला तरी मी ओरडायचो. सफाईवाल्या मावशी माझ्या पलंगाभोवती देवळाभोवती फिरावं तशा फिरायच्या. कल्चरमध्ये जंतू सापडला, नशीब. कातडीवर राहणारा साधा जंतू. तुमच्याही अंगावर आहे, त्याला हात जोडा आणि आत येऊ देऊ नका.

पण माझं सगळं लक्ष क्रिएटिनीनवर. सकाळी रक्त जायचं, दुपारी सर यायचे. आधी वर गेलं. मग आणखी वर. लघवी कमी झाली. सरांनी गोळीचं प्रमाण कमी केलं होतं ते थोडं वाढवलं, एक अँटिबायोटिक बदललं. मामी बाहेर बाकावर बसून. सर दारातून बाहेर पडले की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्या. त्या चेहऱ्यावर कधीच काही नसायचं, तरी बघायच्या.

एका दुपारी सर आले, कागद पाहिला, आणि मला न सांगता आधी बाहेर गेले. काचेतून मला दिसलं. ते मामींसमोर उभे राहिले आणि हाताने खाली अशी खूण केली, उतरलं. मामींनी पदर ओढून घेतला. इतका खाली की चेहराच दिसेना. खांदे मात्र हलत होते.

किडनी राहिली. नवं मशीन नंतर उजव्या बाजूला बसलं. आता मी आमलीला घरी आहे, कामावर हलकी जागा मिळाली. टपरीवर लोक विचारतात, भाऊ, रेडिओ कुठे गेला? मी सांगतो, ट्रान्समीटर हलवला, आता उजवीकडून पाकिस्तानच्या बातम्या लागतात. पण हात लावू देत नाही कोणाला.

भीती गेली का? नाही. मला वाटतं ती जाऊही नये. मॅडम, सर, त्या सिस्टर, लिफ्टमधला तो डांगचा भाऊ, यांचे उपकार कसे फेडू ते कळत नाही, म्हणून हे लिहितोय. तुमच्या छातीत मशीन असेल आणि तुम्ही ट्रान्सप्लांटच्या गोळ्या घेत असाल, तर तापाची वाट बघू नका. तो येईलच असं नाही. रोज उजेडात आरशासमोर शर्ट काढून बघा. घरात कोण बसलंय याची लाज धरू नका.

आमच्याकडे आता रीत बदलली आहे. संध्याकाळी मी दारातल्या उजेडात उघडा बसतो. मामी पदर नाकापर्यंत घेऊन येतात, पदराखालून आधी उजवीकडचा टाका बघतात, मग डावीकडची जुनी खूण. मग पोटाकडे वाकून विचारतात, "काय वं, सांभाळतात का जवाईबापू नीट?"

मी किडनीच्या वतीने सांगतो, "सांभाळतात."

"तिला बोलू द्या," मामी म्हणतात. अजून माझ्याशी नाही, माठाला.

आणि सकाळी, मी डबा घेऊन खडोलीची गाडी पकडायला निघतो तेव्हा त्या ओट्यावर उभ्या असतात. माझं धुतलेलं बनियन दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरतात, पुढून बघतात, मागून बघतात, नाकाला लावतात. मी गेटपाशी थांबतो. त्यांनी ते दोरीवर टाकलं की मी चालायला लागतो.